पीएच.डी.नंतरची दोन वर्षे : अग्निजन्य खडकांच्या अभ्यासकास काही सूचना

प्रबंध मान्य होऊन पदवी हाती आली, परंतु कायमची नेमणूक अद्याप दूर आहे, अशा अवस्थेत संशोधकाच्या आयुष्यात दोन-तीन वर्षांचा जो मुदतबंद कालखंड येतो, त्याकडे नोकरीच्या वाटेवरील एक मुक्काम एवढ्याच दृष्टीने पाहण्याची रीत आपल्याकडे पडली आहे, आणि ती मला अनुचित वाटते. या काळाच्या अखेरीस परीक्षा नसते, पदवी नसते, प्रगतीचा दाखला देणारी समितीही बहुधा नसते. पाहिले जाते ते एवढेच, की मार्गदर्शकाने आखून दिलेल्या चौकटीतून बाहेर पडल्यावर या व्यक्तीला स्वतःचा म्हणावा असा प्रश्न सापडला का, आणि सापडला असल्यास तो तिने तडीस नेला का. अग्निजन्य शिलाविज्ञान व ज्वालामुखीय भूरसायनशास्त्र या शाखांत ही कसोटी अधिकच कडक आहे; कारण येथील यंत्रे आता इतकी समर्थ झाली आहेत, की प्रश्नावाचूनही सहस्रावधी आकडे निर्माण करता येतात, आणि त्या आकड्यांची रास रचता रचता मुदत कधी सरली हे कळतही नाही. म्हणून पहिली सूचना, आणि माझ्या मते पुढील सर्व सूचना जिच्यातून निघतात ती सूचना अशी, की अर्ज लिहावयास बसण्यापूर्वी प्रश्न निश्चित करावा. आणि तो असा असावा, की ज्याची दोन भिन्न उत्तरे संभवतात व कोणते मोजमाप त्या दोहोंमध्ये निवाडा करील हे आपल्याला आधीच सांगता येते.

याचे उदाहरण शोधण्यासाठी महाराष्ट्राच्या अभ्यासकाला दूर जावयास नको. सह्याद्रीचे काळे कडे नुसत्या डोळ्यांनी पाहिले असता एका लाव्हा-प्रवाहाचा खडक दुसऱ्याहून क्वचितच निराळा दिसतो. तेव्हा एकमेकांपासून कित्येक कोस दूर असलेल्या दोन घाटांतील कोणता प्रवाह कोणाशी जुळतो, हा प्रश्न केवळ हातोडी व नकाशा यांच्या बळावर सुटणारा नव्हता. कीथ कॉक्स व ख्रिस हॉक्सवर्थ यांनी १९८५ साली महाबळेश्वर परिसरातील सुमारे १२०० मीटर जाडीच्या प्रवाह-राशीचे भूरासायनिक विवेचन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर ही शैलसमूहांची विभागणी सूक्ष्ममात्र मूलद्रव्यांच्या आणि स्ट्राँशियमच्या समस्थानिकांच्या आधारे उभी केली. आणि पुढे इतर अभ्यासकांनी तीच पद्धती उत्तरेस लोणावळा, भीमाशंकर, इगतपुरी, जव्हार येथपर्यंत नेली. आंबेनळी शैलसमूहात स्ट्राँशियम ८७ व ८६ यांचे गुणोत्तर ०.७०४च्या आसपास असते, तर त्याच राशीत खाली असलेल्या बुशे शैलसमूहात ते ०.७१३च्याही वर जाते. म्हणजे एका काळी प्रावरणातून आलेला शिलारस भूकवचाला फारसा न बाधता वर आला, आणि दुसऱ्या काळी त्याने वाटेतील प्राचीन ग्रॅनाइटी कवचाचा मोठा अंश पोटात घेतला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मोजमापाचे तंत्र त्या काळी नवे नव्हते. ते प्रत्येक प्रवाहाला क्रमाने लावून कड्याचा इतिहास वाचावा, ही दृष्टी नवी होती.

दुसरे उदाहरण आपल्या काळातील आहे, आणि पीएच.डी.नंतरच्या अभ्यासकाने ते मुळातून वाचावे असा माझा आग्रह आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दख्खनच्या उद्रेकांच्या कालमापनाविषयी दोन निबंध आले. एका गटाने मुख्यतः प्रवाहांच्या मधल्या लाल मातीच्या थरांत सापडणाऱ्या झिरकॉन स्फटिकांचे युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढले. दुसऱ्या गटाने प्रवाहांतीलच प्लॅजिओक्लेजचे आर्गॉन पद्धतीने. राशीचा बहुतांश सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या, डायनासोरांच्या विनाशाच्या सीमेभोवती दहा लाख वर्षांच्या आत साचला, याविषयी दोहोंत फारसा विरोध नाही. परंतु पहिल्या गटास उद्रेकांचे चार आवेग दिसले, आणि त्यांतील एक मोठा आवेग त्या विनाशापूर्वी काही दशसहस्र वर्षे सुरू झाला असे त्यांचे म्हणणे पडले. दुसऱ्या गटाने लाव्हाच्या एकूण आकारमानाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग त्या विनाशानंतर बाहेर पडला असा निष्कर्ष काढला. हे दोन्ही निबंध समोर ठेवून जो नवखा अभ्यासक ‘याहून अधिक सूक्ष्म यंत्र हवे’ एवढाच बोध घेईल, तो वाद वाढवील, सोडवणार नाही. भेद पुष्कळसा यात आहे, की विनाशाची सीमा प्रवाह-राशीत नेमकी कोठे मानावयाची आणि प्रत्येक शैलसमूहाच्या वाट्याला किती घन किलोमीटर लाव्हा द्यावयाचा. आणि हे दुसरे काम कोणत्याही यंत्रावर होत नाही, ते पूर्वेकडील विस्तृत प्रदेशात पायी हिंडून, तेथील पातळ थरांची रसायनावरून ओळख पटवून करावे लागते. गोदावरीच्या काठी राजमहेंद्रीजवळ जे बेसाल्ट आहेत, ते सह्याद्रीपासून सुमारे १००० किलोमीटर दूर असूनही आंबेनळी व महाबळेश्वर या शैलसमूहांशी रसायनाने जुळतात, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे आकारमानाचा हा प्रश्न किती मोठा आणि अद्याप किती मोकळा आहे याची कल्पना येईल. दोन वर्षांच्या मुदतीत बसणारा, ज्याचे उत्तर दोन्ही पक्षांना ऐकावेच लागेल असा प्रश्न या पटावर आजही सापडतो. आणि तो शोधण्याचा मार्ग हाच, की जेथे दोन जाणती माणसे परस्परविरुद्ध बोलत आहेत तेथे जाऊन त्यांच्या विरोधाचे मूळ कोणत्या गृहीतात आहे ते पाहावे.

प्रश्न ठरला म्हणजे खडक. नमुना मिळविण्याचे काम हलके समजून ते विद्यार्थ्यांवर सोपविणारे संशोधक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या निबंधांतील दुबळेपणा बहुधा तेथूनच सुरू झालेला असतो. दख्खनचा कातळ बाहेरून घट्ट दिसला, तरी त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट व कॅल्साइट भरलेले असतात, त्यातील ऑलिव्हीन पुष्कळदा तांबूस पदार्थात रूपांतरित झालेले असते, आणि भूजलाच्या दीर्घ संपर्काने पोटॅशियम व रुबिडियम यांच्यासारखी चंचल मूलद्रव्ये हललेली असतात. म्हणून प्रवाहाचा फुगीर, सच्छिद्र माथा व खालचा तुटका पाया टाळून मधला घट्ट भाग घ्यावा. पुरेसा मोठा घ्यावा, म्हणजे हवामानाने खाल्लेली साल काढून टाकल्यावरही आतला गाभा हाती उरेल. आणि त्याच नमुन्याचा एक तुकडा न फोडता कायम राखून ठेवावा. स्थानाची नोंद अक्षांश-रेखांशांसह उंची देऊन करावी, कारण सह्याद्रीत उंची हाच काळाचा पहिला अंदाज असतो. रस्ता-रुंदीकरणाने घाटात नवे छेद उघडे पडतात व काही वर्षांत ते सिमेंटच्या थराखाली झाकलेही जातात. तेव्हा असे छेद दिसताच छायाचित्रे व मोजमापे घेऊन ठेवण्यात विलंब करू नये.

कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी जी खोल वेधने झाली, त्यांतून निघालेले खडकाचे गाभे कऱ्हाड येथील केंद्रात जतन केलेले आहेत, आणि शिलाविज्ञानाच्या दृष्टीने त्यांचे मोल अजून पुरतेपणी ओळखले गेले आहे असे मला वाटत नाही. कड्यावर वनस्पती, दरड आणि उतार यांमुळे प्रवाहांचा क्रम तुटक दिसतो. गाभ्यात तो अखंड असतो, माथ्यापासून पायथ्यापर्यंत, आणि त्याखाली शिलारस ज्या प्राचीन ग्रॅनाइटी पायावर ओतला गेला तोही हाती लागतो. कवचाच्या दूषणाविषयी बोलावयाचे आणि त्या कवचाचा प्रत्यक्ष नमुना मात्र पाहावयाचा नाही, ही आपल्या क्षेत्रातील जुनी उणीव अशा गाभ्यांमुळे भरून काढता येण्यासारखी आहे. रीतसर अर्ज करावा, कोणत्या खोलीचा किती ग्रॅम खडक व कोणत्या कामासाठी हवा ते स्पष्ट लिहावे, आणि काम संपल्यावर आकडे त्या दफ्तरात जमा करण्याची हमी द्यावी. याचप्रमाणे व्याघ्रप्रकल्प, अभयारण्ये व संरक्षित पठारे यांत पाऊल टाकण्यापूर्वी वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी. ती मिळावयास महिने लागतात, म्हणून मुदत सुरू होण्यापूर्वीच अर्ज रवाना झालेला असावा. नमुने परदेशी न्यावयाचे असल्यास ते धुऊन, मातीचा कण राहू न देता, न्यावेत. कारण खडकाला नव्हे तरी त्याला चिकटलेल्या मातीला पुष्कळ देशांची जकात हरकत घेते.

दळणाविषयी एक वाक्य लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. टंग्स्टन कार्बाइडच्या पात्रात दळलेल्या पुडीत टंग्स्टन व कोबाल्ट तर येतातच, परंतु टँटलमही येते; आणि ज्याचा सारा युक्तिवाद नायोबियम व टँटलम यांच्या गुणोत्तरावर उभा आहे, त्याने अशा पात्रात नमुना दळणे म्हणजे आपल्याच हाताने पुरावा नासविणे होय. अगेट किंवा शुद्ध ॲल्युमिना वापरावे, आणि कोणते पात्र वापरले ते निबंधात लिहावे.

आता सूक्ष्मदर्शकाकडे वळू. आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण माझी अशी दृढ धारणा आहे, की या शाखेतील बरेवाईट काम बहुधा याच टेबलावर ठरते. ०.०३ मिलिमीटर जाडीचा शिलाछेद ध्रुवित प्रकाशात ठेवून जो अभ्यासक तासन्‌तास पाहत नाही, त्याला आपण ज्या खडकाचे एकंदर विश्लेषण करून घेतले तो वस्तुतः कोणत्या द्रवाचे प्रतिनिधित्व करतो, हे सांगता येणार नाही. पुष्कळ बेसाल्टांत दिसणारे मोठे स्फटिक त्याच द्रवातून वाढलेले नसतात. काही खोल कोठारातून वाहून आलेले असतात, काही आधीच्या स्फटिक-चिखलातून उपटलेले असतात, आणि काहींचा गाभा एका शिलारसात व कडा दुसऱ्यात वाढलेली असते. सह्याद्रीच्या खालच्या भागात मोठमोठ्या प्लॅजिओक्लेज-स्फटिकांनी भरलेले जे प्रवाह ठिकठिकाणी आढळतात, त्यांच्यापुढे उभे राहून केवळ खडकाच्या एकंदर रसायनावरून शिलारसाचा इतिहास लिहिणे कसे शक्य आहे? अशा वेळी स्फटिक व द्रव यांच्या समतोलाची परीक्षा आधी करावी. ऑलिव्हीनच्या बाबतीत लोह व मॅग्नेशियम यांचे स्फटिक-द्रव विभाजन सुमारे ०.३० या गुणकाने होते, हे रोडर व एम्स्ली यांनी १९७०मध्ये दाखवून दिले. पन्नासांहून अधिक वर्षे लोटली तरी ही साधी कसोटी न लावता तापमान व दाब यांचे आकडे छापणारे निबंध आजही येतात, आणि त्यांतील तापमान हे कोणत्याही प्रत्यक्ष शिलारसाचे नसते.

या कसोटीतून जे स्फटिक पार पडतात, त्यांच्याकडून मग दोन प्रकारची साक्ष घेता येते. एक म्हणजे स्फटिक वाढताना त्याच्या पोटात कोंडला गेलेला शिलारसाचा सूक्ष्म थेंब. प्रवाह बाहेर पडल्यावर पाणी, कर्बवायू, गंधक ही बाष्पशील द्रव्ये हवेत निघून जातात. थेंबात मात्र ती अडकून राहतात, आणि म्हणून दख्खनच्या उद्रेकांनी वातावरणात किती गंधक व कर्बवायू सोडला असावा याचा अंदाज बांधण्यास हे थेंब फार मोलाचे आहेत. परंतु थेंब थंड होताना आकसतो, त्यात एक बुडबुडा निर्माण होतो, आणि कर्बवायूचा मोठा भाग, पुष्कळदा अर्ध्याहून अधिक, त्या बुडबुड्यात निघून जातो. काच तेवढी मोजून बुडबुडा सोडून दिला, तर उत्तर कित्येक पटींनी कमी येते. शिवाय थेंबाच्या भिंतीवर यजमान स्फटिकाचाच थर साचतो व लोह बाहेर झिरपते. हे सर्व दुरुस्त करूनच मूळ द्रव सांगावा, आणि दुरुस्तीपूर्वीचे आकडेही शेजारी छापावेत.

दुसरी साक्ष काळाची आहे. एखाद्या ऑलिव्हीन-स्फटिकाच्या कडेला नवा शिलारस येऊन भिडला, की लोह व मॅग्नेशियम यांची देवाणघेवाण सुरू होते, आणि उद्रेकानंतर स्फटिक थंड होऊन ती थांबेपर्यंत चालते. या देवाणघेवाणीने कडेला पडलेली रचनेची उतरंड किती रुंद झाली त्यावरून शिलारसांचे मिश्रण व उद्रेक यांच्यामध्ये किती दिवस, महिने किंवा वर्षे गेली असतील हे काढता येते. सक्रिय ज्वालामुखींवर हे तंत्र अतिशय फलद्रूप झाले आहे, कारण तेथे स्फटिकांनी सांगितलेल्या काळाची रुजुवात त्याच ज्वालामुखीच्या भूकंपनोंदींशी घालता येते. पण या तंत्रात दोन सापळे आहेत. ऑलिव्हीनमध्ये ही देवाणघेवाण एका स्फटिक-अक्षाच्या दिशेने इतर दोन अक्षांपेक्षा सुमारे सहा पट वेगाने चालते, म्हणून स्फटिकाची दिशा मोजल्यावाचून काढलेल्या काळाला अर्थ नाही. आणि तापमानाचा प्रभाव इतका तीव्र आहे, की सुमारे १२०० अंश सेल्सिअसच्या शिलारसात तीस अंशांची चूक झाली तर काळाचे अनुमान जवळजवळ एकतृतीयांशाने कमीजास्त होते. नेहमीच्या खनिज-तापमापकांची अनिश्चितता साधारण एवढीच असते. ज्याला हे ठाऊक आहे तो ‘सत्तावीस दिवस’ असे कधी लिहिणार नाही. ‘काही आठवडे’ असे लिहील, आणि त्याचे ते वाक्य टिकेल.

प्रश्न, खडक व पद्धती यांचा असा विचार झाल्यावर यजमान प्रयोगशाळेची निवड पुष्कळशी आपोआप होते. आर्गॉन कालमापनाचे काम भारतात अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेत व मुंबईच्या आय.आय.टी.त चालत आले आहे. झिरकॉन व समस्थानिकांसाठी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये भूकालमापनाची राष्ट्रीय सुविधा उभी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत भूरसायनाची जुनी परंपरा आहे. उच्च दाब-तापमानाचे प्रयोग करून शिलारस स्वतःच बनवून पाहावयाचा असेल, तर जर्मनीतील बायरॉयटची भूसंस्था किंवा जपानमधील मिसासा येथील ओकायामा विद्यापीठाची संस्था यांसारखी ठिकाणे पाहावीत. संस्थेच्या नावापेक्षा तेथील व्यवहाराची चौकशी अधिक करावी. तेथे पूर्वी काम करून गेलेल्या दोघांतिघांना पत्र लिहून विचारावे : यंत्र स्वतः चालवावयास मिळते की तंत्रज्ञ आकडे काढून देतो? महिन्यातून किती दिवस वाट्याला येतात? यंत्र बिघडल्यास दुरुस्तीला किती काळ लागतो? सोडून गेल्यावर अपुरे निबंध कोणाच्या नावावर जातात? या प्रश्नांत संकोच बाळगण्यासारखे काही नाही. चांगला प्रमुख अशा चौकशीने रागावत नाही.

प्रमुखास लिहावयाचे पहिले पत्र एका पानाहून मोठे नसावे. त्यात त्यांच्या कीर्तीचे वर्णन नको; त्यांच्या अमुक निबंधातील अमुक आलेखात जो विसंगत बिंदू आहे त्याविषयी मला असे वाटते, आणि ते तपासण्यास माझ्याकडे हे नमुने आहेत, एवढे लिहिले तरी पत्राचे वजन वाढते. मुख्य प्रस्तावाचा मसुदा मागाहून दोघांनी मिळून करावा, आणि त्यात यंत्राचे दिवस, शिलाछेदांची संख्या, रसायनांचा व प्रवासाचा खर्च यांचा प्रामाणिक तपशील असावा. ज्या प्रस्तावात प्रवाह साठ, पद्धती सात आणि मुदत चोवीस महिने असते, तो परीक्षक पहिल्याच पानावर बाजूला ठेवतात, आणि त्यांचे ते करणे योग्यच असते.

वेतनाच्या मार्गांविषयी थोडक्यात सांगतो, कारण नियम बदलतात व अर्ज करताना ताजी जाहिरात पाहणेच इष्ट. देशात दोन वर्षांची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्ती विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळामार्फत दिली जात असे. त्या मंडळाची जागा आता २०२३च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली आहे. स्वतंत्र गट उभारण्याची तयारी असेल तर पाच वर्षांची इन्स्पायर फॅकल्टी अधिछात्रवृत्ती अधिक उपयोगी. जर्मनीसाठी हुम्बोल्ट प्रतिष्ठान, आणि युरोपातील इतर देशांसाठी मारी स्क्लोडोव्हस्का-क्यूरी अधिछात्रवृत्ती; या दुसरीत अर्जापूर्वीच्या छत्तीस महिन्यांत यजमान देशात बारा महिन्यांहून अधिक राहिलेला उमेदवार बाद होतो, म्हणून अल्पमुदतीच्या भेटी आखताना हे कलम ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट घरच्यांशी बोलण्याची आहे. आपल्याकडे घरातील वडीलधाऱ्यांना हे पद म्हणजे नोकरी की शिक्षण हे उमगत नाही, आणि ते विचारतात तेव्हा अभ्यासक उत्तर टाळतो. टाळू नये. मुदत कधी संपते, वेतन किती, त्यानंतर काय संभवते, हे आईवडिलांना व जोडीदाराला आरंभीच सांगून ठेवावे. मुदतीच्या शेवटच्या सहामाहीत जेव्हा निबंध व नवे अर्ज एकदमच अंगावर येतात, तेव्हा त्या मोकळेपणाचा आधार किती मोठा असतो हे अनुभवाने कळते.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात यंत्राचे दिवस नोंदवून टाकावेत, जरी नमुने तयार नसले तरी. तारीख पुढे ढकलता येते, नसलेली तारीख निर्माण करता येत नाही. प्रत्येक बैठकीच्या आरंभी, मध्ये व शेवटी प्रमाण-नमुना मोजावा. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पुरविलेला बीएचव्हीओ-२ हा हवाईचा बेसाल्ट रसायनाने दख्खनच्या खडकांच्या पुरेसा जवळचा आहे, आणि तो आपल्या नमुन्यासारखाच, त्याच आम्लांत विरघळवून, अज्ञात समजून मोजला म्हणजे आपल्या आकड्यांचे खरे मोल कळते. काचेचे विश्लेषण इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर करताना सोडियम किरणाखालून निसटते. किरण रुंद करावा, प्रवाह कमी ठेवावा आणि सोडियम सर्वप्रथम मोजावे. प्रमाण-नमुन्यांचे सर्व आकडे, बिघडलेले धरून, निबंधासोबत छापावेत आणि जिओरॉकसारख्या खुल्या संग्रहांत उतरतील अशा रूपात द्यावेत. ज्याचे आकडे दुसऱ्याला वापरता येत नाहीत, त्याचे निष्कर्ष दहा वर्षांत विस्मरणात जातात. ज्याचे आकडे शुद्ध आहेत, त्याचा निष्कर्ष चुकला तरी त्याचे काम उपयोगी पडत राहते.

ज्यांना जागृत ज्वालामुखीवर जावयाचे आहे, त्यांच्यासाठी एकच गोष्ट, पण ती मी अत्यंत गांभीर्याने सांगतो. ३ जून १९९१ रोजी जपानमधील उंझेनवर उतरलेल्या तप्त राखेच्या लोटात ४३ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांत मॉरिस व कातिया क्राफ्त हे दांपत्य आणि हॅरी ग्लिकन हे ज्वालामुखीतज्ज्ञही होते. १४ जानेवारी १९९३ रोजी कोलंबियातील गालेरासच्या विवरात सहा शास्त्रज्ञ व तीन पर्यटक मरण पावले. मृतांतील कित्येक जण स्वतः अनुभवी अभ्यासक होते. तेव्हा स्थानिक वेधशाळेने नको म्हटले की नाही जावयाचे. गटाचा प्रमुख कितीही थोर असला, आणि मुदत कितीही जवळ आली असली, तरी नाही. वायू-मुखवटा, शिरस्त्राण व परतीची ठरलेली वेळ यांविना विवराच्या कडेवर पाऊल ठेवू नये, आणि तरुण सहकाऱ्याला ‘मला परत फिरावयाचे आहे’ असे म्हणण्याची पूर्ण मुभा असावी.

लेखनाला आरंभ शेवटी करू नये. प्रबंधातील जे निबंध अजून प्रसिद्ध व्हावयाचे असतील, ते नव्या जागी रुजू होण्यापूर्वीच पाठवून द्यावेत. नाही तर जुन्या कामाचे ओझे नव्या मुदतीतील उत्तम महिने खाऊन टाकते. नव्या कामाचे आलेख पहिल्या आकड्यांपासूनच काढत जावे व त्याखाली दोन-चार वाक्ये लिहीत जावे, म्हणजे कोठे मोजमाप कमी पडते ते यंत्र हाती असतानाच उमगते. नियतकालिक निवडताना वाचक कोण ते पाहावे : शिलाविज्ञानाचा सविस्तर युक्तिवाद असेल तर ‘जर्नल ऑफ पेट्रॉलॉजी’, रसायनाचा असेल तर ‘जिओकिमिका एट कॉस्मोकिमिका ॲक्टा’, आणि ज्याच्यापाशी प्रकाशन-शुल्क भरण्यास निधी नाही त्याने ‘व्होल्कॅनिका’कडे पाहावे, तेथे लेखकालाही पैसे पडत नाहीत व वाचकालाही.

मुदत संपण्यास तीन महिने राहिले, की नमुन्यांची आवराआवर सुरू करावी. प्रत्येक तुकड्यावर पुसला न जाणारा क्रमांक, प्रत्येक शिलाछेदाची जागा, कोणत्या स्फटिकावर कोठे किरण पडला त्याचे छायाचित्र, उरलेली पुडी कोणत्या बाटलीत आहे त्याची यादी. आणि या सर्वांची एक प्रत यजमान संस्थेच्या दफ्तरी, एक आपल्यापाशी. खडक शक्य तर ज्या भूमीतून आणला त्या भूमीतील एखाद्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागाला परत द्यावा. आंबेनळी घाटातील एखादा छेद उद्या रस्त्याच्या कामात झाकला गेला, तर पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला तो प्रवाह पुन्हा मोजावयास याच पेटीचा आधार उरेल, आणि त्याला ती उघडता यावी म्हणून यादी मराठीत व इंग्रजीत, दोन्ही भाषांत, स्वच्छ लिहून आत ठेवावी.